टेबलावर माणसं कमी, धोका जास्त: पोकरबंदीनंतरचं साधं गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा आला. २० तारखेला लोकसभेत मंजूर, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. ड्रीम इलेव्हन, एमपीएल, पोकरबाझी यांसारख्या अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ लगेच थांबवले. सरकारचा अंदाज असा होता की देशातले सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी २०,००० कोटी रुपयांच्या आसपास घालवतात.

महाराष्ट्रात हा विषय महिनाभर आधीच पेटला होता. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाईलवर रमी खेळत होते, असा आरोप एका व्हिडिओवरून झाला. त्यांनी तो नाकारला, पण जुलैअखेर त्यांचं खातं बदललं. म्हणजे मोबाईलवरचे पत्ते हा फक्त होस्टेलच्या खोलीतला विषय राहिलेला नाही.

मग आता उरलं काय? माहूर-किनवटच्या पोरांपासून नांदेड-लातूरला क्लाससाठी राहणाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तीनच गोष्टी आहेत. एक, फुकट चिप्सवर चालणारी अ‍ॅप्स. दोन, कोजागरीला किंवा दिवाळीच्या सुट्टीत जमणारे तिघं-चौघं मित्र. तीन, टेलिग्रामवर लिंक येते ती बाहेरच्या देशातली बेकायदा अ‍ॅप्स. पोकरचे बरेच जुने धडे नऊ-दहा जणांच्या टेबलासाठी लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात आपण बसतो ते तिघांच्या, चौघांच्या नाहीतर दोघांच्याच टेबलावर. तिथे तेच धडे वापरले तर चिप्स भराभर संपतात. का ते बघू.

गप्प बसायची किंमत वाढते

पोकरमध्ये पानं वाटण्याआधीच दोन खेळाडूंना सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात. ही पाळी टेबलावर फिरत राहते. समजा छोटा ब्लाइंड १ चिप आणि मोठा २ चिप्स, म्हणजे एका फेरीत प्रत्येकाला ३ चिप्स द्याव्या लागतात. तुम्ही चांगल्या पानांची वाट बघत सलग १०० डाव सोडून दिले, तर सरासरी किती चिप्स जातील?

• ९ जणांचं टेबल: सुमारे ३३
• ६ जणांचं टेबल: ५०
• ३ जणांचं टेबल: १००
• दोघांचं टेबल: १५०

नऊ जणांत शांत बसणं परवडतं. तिघांत तीच शांतता तिप्पट महाग पडते. आणि हातात जोडी येण्याची शक्यता टेबल कितीही लहान असलं तरी १७ डावांत एकदा एवढीच असते. दोन एक्के तर सरासरी २२१ डावांत एकदा. त्यांची वाट बघत बसलात तर ब्लाइंडच तुम्हाला संपवतील.

साधी पानं भारी का होतात

दुसरं गणित एक्क्याचं. समजा तुमच्या हातात राजा आणि गुलाम आहेत, एक्का नाही. समोरच्यांपैकी निदान एकाकडे तरी एक्का असण्याची शक्यता किती?

• ९ जणांत: सुमारे ८० टक्के
• ६ जणांत: सुमारे ६० टक्के
• तिघांत: सुमारे २९ टक्के
• दोघांत: साधारण १५ ते १६ टक्के

पान तेच, किंमत वेगळी. नऊ जणांत राजा-गुलाम ही फसवी पानं. तिघांत तीच पानं बहुतेक वेळा समोरच्यांपेक्षा सरस ठरतात. म्हणून टेबल लहान झालं की जास्त डाव खेळायचे, आणि नुसतं मागे मागे चिप्स भरण्यापेक्षा स्वतः वाढवायचं. त्यामुळे समोरचा पानं टाकून देण्याची शक्यता तयार होते, आणि तो पॉट पत्ते न दाखवता मिळतो.

आणखी दोन गोष्टी बदलतात. पहिली, बसण्याची जागा. शेवटी बोलणाऱ्याला आधीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. लहान टेबलावर तुम्ही जास्त डावांत उतरता, त्यामुळे हा फायदा किंवा तोटा पुन्हा पुन्हा वाट्याला येतो. दोघांच्या खेळात वाटप ज्याच्याकडे तो छोटा ब्लाइंड देतो. पहिल्या फेरीत तो आधी बोलतो, पण टेबलावर पानं उघडल्यानंतर प्रत्येक वेळी शेवटी बोलतो. दुसरी, माणूस ओळखणं. त्याच दोघा-तिघांशी शंभर डाव खेळलात की कोण कधी थापा मारतो ते कळायला लागतं. त्यालाही तुमचं कळतं, हे मात्र विसरू नका. जास्त डाव खेळायचे म्हणजे प्रत्येक डाव खेळायचा असं नाही.

समोर माणूसच आहे कशावरून?

इथपर्यंत ऐकून वाटेल, कमी माणसं म्हणजे कौशल्याला जास्त वाव. ते खरंच आहे. पण कौशल्य फक्त तुमचंच असतं असं नाही.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रामने जानेवारी २०१५ मध्ये दोघांचा, मर्यादित बोलीचा पोकर जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटसने अमर्याद बोलीच्या खेळात चार व्यावसायिक खेळाडूंना २० दिवसांत, १,२०,००० डावांत हरवलं. तोही एकास एक सामना. सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवणारा प्लुरिबस २०१९ मध्ये आला. क्रम बघा: मशीनने आधी दोघांचं टेबल जिंकलं, मग सहा जणांचं.

याचा अर्थ प्रत्येक अ‍ॅपवर बॉट बसलाय असा नाही. अर्थ एवढाच की टोपणनाव आणि फोटोपलीकडे समोर कोण आहे हे तुम्हाला कळत नाही. तिघांच्या टेबलावर दुसरी भीती असते. बाकीचे दोघं फोनवर एकमेकांना आपली पानं सांगत असतील, तर खेळ दोन विरुद्ध एक होतो. परवानगी नसलेल्या परदेशी अ‍ॅपवर अशी तक्रार करायची कुणाकडे?

दोघं खेळतात, जिंकतं तिसरंच

पैशाच्या अ‍ॅपचं उत्पन्न असतं रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून कापलेला वाटा. एक उदाहरण घेऊ. माहूरची दोन मित्रं, दोघांकडे १,००० रुपये, दोघंही सारखेच तरबेज. सरासरी पॉट ४० रुपयांचा आणि रेक ५ टक्के, म्हणजे दर डावाला २ रुपये. २०० डाव झाले की ४०० रुपये अ‍ॅपकडे गेले. दोघांचे मिळून २,००० होते, उरले १,६००. कोणी जिंको, कोणी हरो, दोघांच्या मिळून खिशातून ४०० गेलेच.

नऊ जणांच्या टेबलावर तेच २ रुपये नऊ जणांत विभागले जातात, म्हणजे डोकेपणी साधारण २२ पैसे. दोघांत ते पूर्ण १ रुपया होतात. वर लहान टेबलावर डावही झटपट संपतात. म्हणून फक्त समोरच्यापेक्षा हुशार असून भागत नाही. तो फरक रेकपेक्षा मोठा असावा लागतो, आणि तसा आहे की नाही हे कळायला शे-दोनशे नव्हे, हजारो डाव लागतात. तोपर्यंत मेसचे पैसे गेलेले असतात.

कायदा नेमका कुणाला पकडतो?

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात १९६० च्या दशकातच म्हटलं होतं. पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांची मतं जुळली नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवलं. नव्या कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. ऑनलाइन पैसे लावले जात असतील, तर खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. म्हणजे रील टाकून लिंक पसरवणाराही सापडू शकतो. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं स्वतःकडे घेतली.

बंदी योग्य की नियंत्रण योग्य, यावर दोन मतं असू शकतात. बंदीमुळे देशातली अ‍ॅप्स थांबली, पण एपीके फाइलवाल्या लिंक थांबल्या असं नाही. ही फाइल प्ले स्टोअरबाहेरून येते आणि एसएमएस, कॉन्टॅक्टची परवानगी मागते. पैसे भरायला अनोळखी माणसाचा यूपीआय आयडी दिला, तर तिथेच थांबा. आपलं खातं कमिशनवर वापरायला देणं तर त्याहून वाईट, कारण पोलिसांचा पहिला फोन खातेदारालाच येतो. पैसे अडकले असतील तर लाजू नका, लगेच १९३० वर तक्रार करा.

पोकर शिकायचा असेल तर जरूर शिका. संभाव्यतेचं इतकं चांगलं गणित क्वचितच खेळता खेळता शिकायला मिळतं. त्यासाठी तीन मित्र, पत्त्यांचा एक जोड आणि चिप्सऐवजी शेंगदाणे पुरतात. त्या टेबलावर रेक नसतो, बॉट नसतो, आणि हरलेला फार तर उपाशी उठतो.