‘द हे वेन’: शांत दुपार कोणाची?

१/ ‘निसर्गचित्रात राजकारण कशाला शोधता?’ हा प्रश्न वरकरणी निरागस. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याला भुलू नये. जॉन कॉन्स्टेबलचे ‘द हे वेन’ (१८२१) हे तैलचित्र ‘जुने सुखी इंग्लंड’ म्हणून मिरवले जाते.

२/ सफोकची स्टूर नदी, डावीकडे विली लॉटचे घर, पाण्यात रिकामी गाडी. गवत कापणारे मजूर कोठे? दूरच्या कुरणात, ठिपक्यांएवढे.

३/ नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ मध्ये संपले, बेकारी वाढली. १८१६ मध्ये पूर्व इंग्लंडात भाकरीसाठी दंगे उसळले. ईली येथे पाच जण फासावर गेले. १८२२ मध्ये सफोक-नॉरफोकच्या मजुरांनी मळणीयंत्रे फोडली. या दोन वणव्यांच्या मधोमध ही दुपार!

४/ कॉन्स्टेबल खोटे बोलला नाही. चित्रातले स्थळ फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळचे. ती गिरणी त्याच्या धान्यव्यापारी वडिलांची. मालकाच्या अंगणातून दिसली तशी दुपार त्याने लंडनच्या चित्रशाळेत रंगवली.

५/ म्हणून चित्रावर अवश्य प्रेम करा. परंतु त्याला साक्षीला बोलावताना आधी विचारा, साक्षीदार उभा कोठे होता?