शीट तुमची, पैसे त्यांचे!

प्रत्येक ऑफिसात एक एक्सेल-वीर असतोच. आयटीकडे रिक्वेस्ट टाकून तीन महिने वाट कोण बघणार? पठ्ठ्या रविवारी घरी बसून शीट बनवतो आणि सोमवारी अख्खा फ्लोअर खूश! आता तर कोडिंग न येताही अ‍ॅप बनतं. गूगलने २०२० मध्ये 'अ‍ॅपशीट' विकत घेतलं ते याच बाजारासाठी. या हौशी मंडळींना 'सिटिझन डेव्हलपर' असं भारदस्त नावही मिळालंय. मग आयटीवाले नाकं का मुरडतात?

उत्तरासाठी जरा बिद्रीला चला. कागल तालुक्यातलं हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचं. कुठल्याही कारखान्याचा हिशेब दिसायला सोप्पा. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा केलं की ऊस, त्याला दराने गुणलं की बिल. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पैसे १४ दिवसांत द्या, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. आता समजा, एखाद्या गट ऑफिसातल्या हुशार पोराने बिलांची शीट बनवली आणि फॉर्म्युला एक ओळ खाली सरकला. तुमच्या ऑफिसात फक्त रिपोर्ट चुकेल. इथे कुणाच्या तरी लेकीची फी अडेल.

आणि असं होतं, बरं का! ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोरोनाच्या जवळपास १६ हजार केसेस रोजच्या आकड्यांतून सुटल्या. कारण काय, तर जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत.

मग वीराचे हात बांधायचे? छे! जवळच्या वारणा परिसरात १९९८ मध्ये गावोगावी कॉम्प्युटर बसवले गेले. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत प्रयोग झाला. ऊस-खताची तीच माहिती साध्या मोबाइलवर, एसएमएसने. हातातलं साधन हलकं, हिशेबाची वही मात्र एकच. जमलं की नाही?

तेव्हा बॉस, सोप्पा नियम. शीट फक्त तुमची सोय करत असेल तर बिनधास्त बनवा. पण तिच्यावर दुसऱ्याचा पगार, रजा किंवा बिल ठरत असेल, तर फॉर्म्युले लॉक करा, दुसऱ्याकडून तपासून घ्या आणि तुम्ही नोकरी सोडलीत तरी ती चालवू शकेल असा एक जोडीदार तयार ठेवा. आणि आयटीवाल्यांनो, 'नाही' म्हणायला तीन महिने लावू नका. तेवढ्यात दुसरी शीट तयार होते!