सर्व्हर सुरू, वाट बंद

देवळा, उमराणे परिसरातील कांदा उत्पादकाचे हित दूरवरच्या सर्व्हरशी किती घट्ट बांधले गेले आहे, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी क्विंटलमागे ३५० रुपयांच्या अनुदानासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची अट घालण्यात आली होती. ही नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या मोबाइल अॅपवरून होते. अशा सेवेचा सर्व्हर ऐन मुदतीत गप्प झाला, तर त्याची झळ थेट शेतकऱ्याला बसते.

सर्व्हर बंद पडला की संशय गर्दीवर किंवा हल्लेखोरांवर जातो. प्रत्यक्षात सुरक्षेसाठी केलेली सुधारणाही घातक ठरू शकते. ३० ऑगस्ट २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर सेवेतील उबुंटू १८.०४ या लिनक्स प्रणालीच्या अनेक आभासी सर्व्हरवर ‘सिस्टिमडी’ या घटकाची नवी आवृत्ती आपोआप बसली आणि त्यांची डीएनएसची मांडणी हरवली. सर्व्हर सुरू होते. पण त्यांना इतरांचे पत्ते सापडेनात. ८ मार्च २०२३ रोजी ‘डेटाडॉग’ या अमेरिकी कंपनीवर हीच वेळ आली. त्याच घटकाच्या सुधारणेनंतर नेटवर्क सांभाळणारी सेवा पुन्हा सुरू झाली आणि तिने दुसऱ्या प्रणालीने आखलेले मार्ग पुसून टाकले. कंपनीचे सर्व्हर वेगवेगळ्या क्लाउडवर, वेगवेगळ्या प्रदेशांत विभागलेले होते. परंतु सुधारणेची वेळ सर्वत्र एकच असल्याने ही विभागणी निरुपयोगी ठरली.

आभासी सर्व्हरचा व्यवस्थापक त्याच्यापर्यंत नेटवर्कनेच पोहोचतो. ती वाट तुटली की दुरुस्तीचा मार्गही बंद होतो. म्हणून सुधारणेपूर्वी सर्व्हरची प्रत जपून ठेवणे, आधी एका चाचणी सर्व्हरवर प्रयोग करणे, नंतर टप्प्याटप्प्याने पुढे जाणे आणि सेवा पुरवठादाराच्या कन्सोलमधून प्रवेश होतो की नाही हे आधीच तपासणे आवश्यक आहे. मांडणीत बदल करताना उबुंटूमधील ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा उपयोगी पडते. १२० सेकंदांत दुजोरा न मिळाल्यास ती जुनी मांडणी परत आणते.

सुधारणा टाळणे हा अर्थातच उपाय नव्हे. त्यातून हल्लेखोरांना दार उघडे राहते. प्रश्न शिस्तीचा आहे. ही शिस्त तंत्रज्ञांच्या मर्जीवर न सोडता सरकारी सेवांच्या कंत्राटांतच अट म्हणून लिहिली गेली पाहिजे. कागदाची मुदत शेतकऱ्यावर बंधनकारक असेल, तर सेवा सुरू ठेवण्याची जबाबदारी यंत्रणेवरही तितकीच बंधनकारक असायला हवी.