उसातले पोटॅश पोत्यात परत. पण हिशोब पोत्यावर नको, किलोवर करा

कोल्हापूर : ऊस कारखान्याला गेला की शेतकऱ्याचा संबंध फक्त बिलाशी राहतो. पण उसाबरोबर शेतातले पोटॅशही जाते, ते जाते कुठे? साखरेत तर ते नसतेच. ते उतरते मळीत, मळीपासून अल्कोहोल काढले की उरते स्पेंटवॉशमध्ये. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. हेच ते काळे, वास मारणारे पाणी. ओढ्यात, नदीत गेले की मासे मरतात आणि गावोगावी आंदोलने होतात.

प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसे अनेक डिस्टिलऱ्यांनी हे पाणी आटवून खास बॉयलरमध्ये जाळायला सुरुवात केली. जळताना सेंद्रिय भाग आणि नत्र उडून जाते, पोटॅश मात्र राखेत राहते. या राखेचे दाणेदार खत म्हणजेच पीडीएम, मळीपासूनचे पोटॅश. त्यात पोटॅशचे प्रमाण १४.५ टक्के धरले आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला अनुदानाच्या खतांच्या यादीत घेतले. म्युरेट ऑफ पोटॅश (एमओपी) आपण जवळपास सगळे बाहेरच्या देशातून आणतो. बाहेर लढाई पेटली की इथे पोते महागते. त्यामुळे घरचे पोटॅश ही चांगलीच गोष्ट आहे.

आता खरा मुद्दा दराचा. एमओपीत पोटॅश ६० टक्के, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ३० किलो. पीडीएमच्या तेवढ्याच पोत्यात फक्त सव्वासात किलो. एका एमओपीच्या जागी चार पोती पीडीएम टाकावे लागते. समजा, एमओपीचे पोते १,६०० रुपयांना पडले, तर पोटॅशचा किलो ५३ रुपयांना पडला. त्या हिशोबाने पीडीएमचे पोते ३८५ रुपयांच्या आत मिळाले, तरच ते परवडले. वर चार पोत्यांची वाहतूक आणि टाकायची मजुरी वेगळी. पोते स्वस्त दिसले म्हणून खत स्वस्त होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या पुढाकाराने साखर कारखाने आणि खत कंपन्यांत पीडीएमचा दर टनाला ४,२६३ रुपये ठरला. उत्पादकाला टनामागे ३४५ रुपये अनुदानाची सोय होती ती वेगळीच. ४,२६३ रुपये टन म्हणजे पोत्याला सुमारे २१३ रुपये. पिशवी, वाहतूक, दुकानदाराचा नफा धरूनही दुकानात दर किती असावा, याचा अंदाज यातून शेतकऱ्याला घेता येतो. सोसायटीत किंवा दुकानात हा आकडा विचारायला हरकत नाही.

दुसरा पदार्थ प्रेसमड. १०० टन उसामागे ३ ते ४ टन निघतो. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात दिवसाला दीडशे-दोनशे टन. पूर्वी ट्रॉली भरून शेतात यायचा. आता त्यापासून गॅस करायचे प्रकल्प येत आहेत. २०१८ च्या केंद्राच्या सतत योजनेने त्याला चालना दिली. गॅसमध्ये मुख्यतः कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश मागे राहिलेल्या खतातच असते. अशा खताला २०२३ पासून टनामागे १,५०० रुपये साहाय्य जाहीर झाले आहे. म्हणजे गॅस निघाला तरी खत शेतात परत आले पाहिजे, ते कोणाला आणि किती दराने, हे कारखान्याने सभासदांना सांगायला हवे.

हाच कळीचा प्रश्न. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नात ऊस उत्पादकाचा ७० टक्के वाटा सुचवला. राज्यानेही २०१३ मध्ये त्या धर्तीवर कायदा केला. पण मळी मळी म्हणूनच हिशोबात धरली जाते. पुढे तिचे इथेनॉल झाले, राखेचे खत झाले, प्रेसमडचा गॅस झाला, तर ती वाढीव किंमत कोणाची? ऊस दराच्या बैठकीत एफआरपीवर तासन् तास बोलले जाते, या राखेचा विषय क्वचितच निघतो.

वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. राखेत पोटॅशबरोबर इतर क्षारही असतात. शिरोळ, वाळव्याकडच्या क्षारपड रानात माती तपासल्याशिवाय भरमसाट टाकू नये. आणि ताजा प्रेसमड कुजताना तापतो, तो कुजवूनच द्यावा, नाहीतर मुळे भाजतात.

जे रानातून गेले ते रानात परत यावे, एवढी साधी ही गोष्ट आहे. मात्र आपलेच पोटॅश आपल्यालाच विकले जात असेल, तर भाव करायचा हक्कही शेतकऱ्याचाच. पुढच्या वार्षिक सभेत हा प्रश्न हात वर करून विचारावा लागेल.