मनोऱ्यातील बंड आणि रस्त्यावरील संप

आर. एफ. कुआंग यांची 'बेबल' ही इंग्रजी कादंबरी २०२२ साली प्रसिद्ध झाली. बंगळूरच्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांपैकी काहींनी ती क्रांतीचा ग्रंथ म्हणून डोक्यावर घेतली आहे. उलट, जादूच्या विद्यालयाची पोरकट गोष्ट म्हणून आपल्यातील काही कॉम्रेड ती हातातही धरत नाहीत. या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत.

कथा १८३० च्या दशकातील ऑक्सफर्डची आहे. तेथील भाषांतर संस्थेच्या मनोऱ्यात चांदीच्या लगडींवर दोन भाषांतील जवळच्या अर्थाचे शब्द कोरले जातात. भाषांतरात निसटणारा अर्थ जादूच्या रूपाने प्रकटतो आणि त्या शक्तीवर साम्राज्याच्या गिरण्या, जहाजे व पूल उभे राहतात. त्यासाठी कँटनचा रॉबिन, कलकत्त्याचा रामिझ आणि हैतीची व्हिक्त्वार यांना आणून पोसले जाते. त्यांची मातृभाषा हाच येथे कच्चा माल आहे.

जादूचे वेष्टण काढले तर उरतो तो वसाहतवादाचा खरा हिशेब. मराठी वाचकाला तो परका नाही. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. मुखपृष्ठावर नाव साहेबाचे. पण शब्द निवडणे आणि पारखणे हे श्रम होते एतद्देशीय शास्त्र्यांचे. परकी सत्ता चालवायला तोफांइतकीच भाषाही लागते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्याच व्यापाराच्या रक्षणार्थ १८३९ ते १८४२ चे युद्ध लादले गेले. नानकिंगच्या तहाने चीनकडून २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर उकळण्यात आले. कादंबरीतील चांदी कोठून येते, हे लेखिकेने स्पष्ट दाखवले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

आक्षेप पुढे आहे. कादंबरीच्या उपशीर्षकातच हिंसेच्या आवश्यकतेची घोषणा आहे. पत्रके वाटून राज्यकर्त्यांचे मन वळवू पाहणारा विद्वानांचा गट चिरडला जातो. येथपर्यंत लेखिकेचे निरीक्षण अचूक आहे. शोषक वर्ग विनवण्यांनी बदलत नाही. मग भाषांतरकार मनोरा ताब्यात घेऊन संप पुकारतात, कारागीर व कामगार रस्त्यांवर मोर्चेबांधणी करून त्यांच्या पाठीशी उभे राहतात. परंतु हे श्रमिक अखेरपर्यंत बाहेरचे पहारेकरीच राहतात. लंडनचा वेस्टमिन्स्टर पूल कोसळतो तेव्हा जीव जातो तो सामान्यांचा. अखेर मूठभर विद्वान स्वतःसह मनोरा उद्ध्वस्त करतात. अर्ज आणि आत्मनाश, या दोहोंच्या मधला संघटित वर्गलढ्याचा मार्ग लेखिकेला दिसूनही तिने तो अर्ध्यावर सोडला. हा मध्यमवर्गीय हताशेचा क्रांतिवाद आहे. नायकाच्या मरणाने वाचकाचे डोळे पाणावतात, पण उद्या सकाळी काय करायचे याचे उत्तर त्याला मिळत नाही.

ते उत्तर शोधायला ऑक्सफर्डला जाण्याची गरज नाही. केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधी काढण्यावर नवे निर्बंध आणले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो महिला कामगार रस्त्यावर उतरल्या. होसूर रस्ता अडला, लाठ्या चालल्या, जाळपोळही झाली. दोन दिवसांत सरकारला निर्बंध मागे घ्यावे लागले. त्यांच्याकडे जादूची लगड नव्हती. शिलाई यंत्रे थांबवण्याचे सामर्थ्य होते. अर्थात हा उठाव उत्स्फूर्त होता. एक मागणी मान्य झाली, तुटपुंज्या वेतनाचा प्रश्न तसाच राहिला. उद्रेकाला कायमची संघटना लाभली नाही तर काय होते, तेही याच लढ्याने शिकवले.

आज बंगळूरच्या काचेच्या इमारतींत बसून परदेशी कंपन्यांची कामे करणारे संगणक-कर्मचारी हे त्या मनोऱ्यातील भाषांतरकारांचेच वारसदार आहेत. त्यांनीही २०१७ साली राज्यव्यापी कामगार संघटना नोंदवली, आणि २०२४ मध्ये कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत ताणण्याच्या प्रस्तावाला तिने कडाडून विरोध केला. 'बेबल' वाचून अस्वस्थ झालेल्या तरुणाला ही कादंबरी वाचू नकोस असे सांगणे व्यर्थ आहे. कॉम्रेड्सनी ती स्वतः वाचावी, त्याच्याशी वाद घालावा आणि त्याला संघटनेच्या पुढच्या सभेला घेऊन जावे.

— एक वाचक, बंगळूर