नव्या गाडीला आधी काय लावावे?

परभणी-जिंतूरकडचे आमचे व्यापारी बंधू नवी मोटार घेतात आणि आठवड्याभरात भोंगा, दिवे, गार्ड बसवून मोकळे होतात. वॉरंटीतली गाडी म्हणजे कापडाचा तागा. कात्री लागली की परत कोण घेणार? वायर कापली तर त्यातून झालेल्या बिघाडाचा खर्च कंपनी नाकारू शकते. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाईचे आदेश तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच दिले. टर्बो नसलेल्या इंजिनाला महागडा एअर फिल्टर लावून ताकद नाममात्र वाढते. त्यापेक्षा आधी चटया आणि सीट कव्हर घ्यावे. आपल्याकडच्या उन्हात रेक्झिन भाजते, म्हणून आम्ही सुतीच सुचवू. मात्र सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिची जागा मोकळी सोडणारेच कव्हर शिवून घ्यावे. बाहेरचे गॅस किट वॉरंटी संपेपर्यंत नको. तोवर ते पैसे मालात घालावेत.