प्रातोत चिन्यांनी नेमकं काय गिळलं?

'चिन्यांनी इटलीतलं अख्खं शहर गिळलं' हा फॉरवर्ड मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय. खाली टीप असतेच: आता आपल्या गावातल्या भैयांचं बघा. आमचं गाव यंत्रमागाचं, त्यामुळे टीप बरोब्बर लागू पडते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते शहर म्हणजे प्रातो, फ्लॉरेन्सजवळचं. लोकरी कापडाची जुनी पेठ. चिंध्या पिंजून पुन्हा लोकर करण्यात तिथल्या लोकांचा हातखंडा. 1990 च्या दशकात चीनच्या वेन्झोऊ भागातून माणसं मोठ्या संख्येने यायला लागली. त्यांनी लोकरीचे माग बळकावले नाहीत हो, ते शिरले शिलाईत. स्वस्त तयार कपडे, आज ऑर्डर की चार दिवसांत माल. कापड बरंचसं बाहेरचं, पण शिलाई प्रातोतली, म्हणून लेबल 'मेड इन इटली'.

मग गिरण्या का बसल्या? 1 जानेवारी 2005 ला कापड आयातीवरचा जागतिक कोटा उठला आणि स्वस्त माल थेट चीनमधून युरोपात उतरायला लागला. घराण्याची गिरणी विकावी लागलेल्या एदोआर्दो नेसींनी यावर पुस्तक लिहिलं, त्याला 2011 चं स्ट्रेगा पारितोषिक मिळालं. त्यांचा राग आहे जागतिकीकरणाचे गोडवे गाणाऱ्या अर्थतज्ज्ञांवर. पण बंदरातला कंटेनर कुणाला दिसतो? गल्लीतली चिनी पाटी दिसते. 2009 मध्ये महायुद्धानंतर पहिल्यांदाच तिथे उजव्यांचा महापौर आला. स्वतः कपड्यांच्या धंद्यातला. मग काय, धाडी आणि टाळी.

आणि रिकाम्या शेड चिन्यांना भाड्याने दिल्या कोणी? तिथल्याच इटालियन मालकांनी. चिन्याला शिव्या द्यायच्या आणि भाडं खिशात घालायचं! (आमच्याकडे रात्रपाळीच्या बिहारी कामगारांना एका खोलीत दहा-दहा जण कोंबणाऱ्या चाळी कोणाच्या आहेत, हे त्या चौघांपैकी दोघांनी सांगावं. भाड्याची पावती देता का, तेही सांगा.)

चिनी शेठ साधू होते असं माझं म्हणणं नाही. कर बुडवणं, बिनकागदाचे मजूर राबवणं, सगळं चालायचं. 1 डिसेंबर 2013 ला, रविवारी सकाळी, अशाच एका शेडला आग लागली. माळ्यावर पुठ्ठ्याच्या आडोशात मजूर झोपलेले, खिडक्यांना लोखंडी गज. सात जण गेले, सातही चिनी. शहर 'गिळणारे' ते हे.

2020 मध्ये कोरोना आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता प्रातो संपलं. तिथल्या चिन्यांनी सरकारी टाळेबंदीची वाट न बघता दुकानं बंद केली, चीनहून परतलेले आपणहून घरात बसून राहिले. एप्रिलच्या सुरुवातीला प्रातोतल्या बाधितांचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळपास निम्मं होतं.